दुसरी कडी

जगदेवच्या तेरवीची पंगत उठली आणि पत्रावळी उचलायच्या आत त्याच्या बायकोचा पाट ठरला. धाकट्या दिराशी. तिला कोणी विचारलं नाही. तिला फक्त बुंदीचं टोपलं आत नेऊन ठेवायला सांगितलं.

जगदेव एड्सनं गेला. त्याचा धाकटा भाऊ मुन्ना शेलूबाजारहून जीप चालवतो, त्यालाही तोच रोग. घरात, भावकीत सगळ्यांना माहीत, बाकी गावात कोणाला नाही. पण जगदेवची बायको वैजयंती पाच वर्षं त्याच्या खोलीत राहूनही निरोगी निघाली. वाशिमला रक्त तपासलं, परत तपासलं, काही नाही. सासू प्रयागबाईला याचं कोडं पडलं होतं. ते सोडवलं तिच्या लेकीच्या लेकानं, हरीओमनं. तो वाशिमला फार्मसी शिकतो.

"आजी, विषाणू असाच आत घुसत नाई. पांढऱ्या पेशीच्या अंगावर प्रथिनं असतात. दाराच्या कड्या समज. पहिली कडी सीडी-फोर. विषाणू तिले धरते. पण तेवढ्यानं दार उघडत नाई. सीसीआर-फाइव्ह नावाची दुसरी बी धरा लागते. मंग आत. आत गेला का आपल्यासारखेच ढीगभर तयार करते. अन् ते बाहेर निंगतात पेशीचीच चामडी पांघरून, तिचीच प्रथिनं अंगावर घेऊन. बाजूच्या पेशीले चिकटाले मंग सोपं."

"अन् हे काहून वाचली?"

"काही लोकायले जन्मापासूनच दुसरी कडी नसते. मामीले नसू शकते."

'नसू शकते'चं प्रयागबाईनं 'नाही' केलं. "मंग मुन्नाले पोरगी धुंडाले कायले जायचं? घरातच आहे. हिले काही होत नाई. वावर बी घरातच राह्यते."

"पण मामा, गोळ्या रोज घ्या लागतीन," हरीओम म्हणाला. "रक्तातला विषाणू पुरा दबला तर कोणालेच धोका नाई."

"गोळी घेतली का चक्कर येते," मुन्ना म्हणाला. "जीप काय तुहा बाप चालवीन?"

सगळे हसले. तेरवीच्या दिवशी.

आपण का वाचलो हे वैजयंतीला ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या रात्री जगदेव तिला म्हणाला होता, "मले रोग आहे. मायले माहीत आहे, तुह्या बापाले तिनं सांगतलं नाई. मी तुले हात लावणार नाई." आणि त्यानं सतरंजी ओढून भिंतीकडेला टाकली. मरेपर्यंत तो तिथंच निजला. बाया तिला वांझ म्हणाल्या, प्रयागबाई तर तोंडावर म्हणाली. तिनं ऐकून घेतलं. खरं बोलली असती तर गावानं त्याला नामर्द ठरवलं असतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तिनं हरीओमला फोन केला. "माह्यात कडी नाई हे तपासलं कोणी?"

"कोणीच नाई मामी. मी फक्त नसू शकते म्हणलो. तसे लोक युरोपात भेटतात, तिकडं बी थोडेच. आपल्या इकडं जवळपास नाईच."

"मंग पाटासाठी भावकीची बैठक आहे, तिथं येऊन हे सांग."

"मामी... मी आजीच्या भरोशावर शिकून राह्यलो."

बैठक भावकीतल्या जानरावच्या ओट्यावर बसली. प्रयागबाई हिरव्या बांगड्या घेऊनच आली; कड्यांची गोष्ट तिनं सगळ्यांना आधीच सांगून ठेवली होती. वैजयंती उभी राहिली.

"मले दोन्ही कड्या आहेत. तुमच्यासारख्याच. जगदेवनं मले कधी हात लावला नाई, म्हणून मी जित्ती आहे."

"माह्या पोराले नामर्द म्हणतं वं, रांडे?" प्रयागबाई किंचाळली.

"नामर्द नाई म्हणत. तुमच्या घरात मर्द तेवढा एकच होता."

मुन्ना अंगावर धावला, त्याला दोघांनी धरलं. जानरावनं तंबाखू थुंकली. "म्हंजे पाट काही होत नाई. पण हात लावला नाई तर हे बायको कायची? अन् बायको नाई तर वावरात हिस्सा कायचा?"

सगळ्यांनी माना हलवल्या. कायदा काय म्हणतो ते कोणाला विचारावंसं वाटलं नाही. ज्या डोक्यांत दोन कड्यांचा हिशेब शिरला नव्हता, त्यांत हा हिशेब एका दमात शिरला.

पिशवी भरून वैजयंती निघाली तेव्हा प्रयागबाई दारात उभी होती. "जाय. पोरीयचा काय दुकाळ पडला? मंगरूळकडची एक सांगून आली. मुन्ना पाहून बी आला."

"तिच्या बापाले सांगतलं?"

"तुह्या बापाले सांगतलं होतं का?"

"गाव कोणतं?"

प्रयागबाईनं दार लोटून घेतलं.

फाट्यावर मालेगावची बस थांबली. मालेगावात वैजयंतीचा भाऊ राहतो. कंडक्टर दारातून ओरडला, "मालेगाव! बाई, या लागते का?"

"नाई," ती म्हणाली. "शेलूबाजारले काय जाते?"

त्या पोरीचं नाव तिला माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. पण शेलूबाजारच्या अड्ड्यावर मुन्नाला ओळखणारे जीपवाले खूप. तो पोरगी पाहायला कुठं गेला होता हे त्यांतल्या एकाला तरी ठाऊक असणारच. जीप आली. आत जागा नव्हती. वैजयंतीनं पिशवी छातीशी धरली आणि बायांना म्हणाली, "सरका वं थोडं."