तीनशे रोपे आणि एक टँकर

मित्रांनो, माझ्या पोटात आठ हजार लिटर पाणी मावते. मी कतारच्या सरकारी पर्यावरण खात्याचा जुना टँकर. माझा रंग उडाला आहे, एक दार दोरीने बांधले आहे. पण माझ्याइतका सुखी टँकर या देशात दुसरा नसेल.

दोहाच्या उत्तरेला दगडी, ओसाड माळ पसरला आहे. तो सगळ्यांचा, म्हणून खाते त्याची राखण करते. तंबू कुठे ठोकायचे, उंट कुठे चारायचे, हे तेच ठरवते. या माळावर मधूनच खोलगट जागा लागतात. थंडीत एखादी सर पडली की तिथे पाणी साचते, गवत उगवते. त्यांना इथे ‘रौदा’ म्हणतात. हौशी गाड्यांनी अशाच एका रौद्याची पार वाट लावली होती. खात्याने त्याला कुंपण घातले, तीनशे रोपे लावली आणि पाणी द्यायचे काम माझ्याकडे आले.

माझा ड्रायव्हर संपत परांड्याकडचा. पहिल्याच दिवशी एका रोपाचे पान चुरगळून तो ओरडला, “आरं, ही तर बोर हाय की!”

खात्यातल्या झाडांच्या जाणकार विजयालक्ष्मी मॅडम हसल्या. “बेर की बहन है, संपत. यहाँ सिद्र कहते हैं.”

तेव्हापासून ती रोपे संपतला घरचीच वाटू लागली.

उंटवाल्या इनायतला मात्र हे रुचले नाही. त्याची चराई गेली होती. त्याने तक्रार केली, तेव्हा मोठे अधिकारी सुफियानसाहेब म्हणाले, “तीन साल देखेंगे. पौधे बचे तो रौदा हमेशा के लिए बंद. नहीं तो फेन्स खलास!”

दोन वर्षे सरळ गेली. तिसऱ्या वर्षी, ऐन ऑगस्टमध्ये, माझा पंप बंद पडला. नवा यायला चार दिवस लागणार होते. दुसरा टँकर मोकळा नव्हता. त्या उन्हात रोपे दोन दिवसही तगली नसती. कुंपणाबाहेर उभ्या उभ्या मला माझीच लाज वाटू लागली. भरल्या पोटी मी नुसता उभा होतो!

संपतने माझी खालची तोटी उघडली आणि बादली लावली.

“पागल हुआ है?” कुंपणाचा राखणदार फजल म्हणाला. “तीन सौ पौधे हैं!”

“एक बाल्टी में दो होते हैं. तू उधर से शुरू कर.”

उन्हाळ्यात दहानंतर उघड्यावर काम करायला बंदी असते. त्यामुळे उजाडताच दोघे भिडले. पहिल्या दिवशी निम्मीच रोपे भिजली. दुसऱ्या दिवशी विजयालक्ष्मी मॅडम बूट चढवून आल्या. मागोमाग कोण यावे? इनायत! उंटीण लांब बांधून, दोन्ही हातांत डबे घेऊन.

“मेरी ऊँटनी नाराज़ है,” तो म्हणाला, “मगर सूखता हुआ पौधा मुझसे भी नहीं देखा जाता.”

पुढचे तीन दिवस ती चौघे धावत होती, सांडत होती, एकमेकांना चिडवत होती. माझ्या तोटीपाशी जत्रा भरल्यासारखे वाटे.

डिसेंबरात सुफियानसाहेबांसमोर मोजणी झाली. दोनशे एकाहत्तर रोपे जिवंत! साहेबांनी तिथेच कागदावर सही केली. रौदा कायमचा राखीव झाला. संपतने गावी बायकोला व्हिडिओ कॉल लावला.

“ममते, बघ! दोनशे एकाहत्तर!”

“आवं, ते ऱ्हाऊ द्या, तुमी किती काळं पडलाय!”

फजलला मराठी येत नव्हते, पण सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

मार्चमध्ये मॅडमनी एका झाडाशेजारी खोल खणून पाहिले. मुळे खालच्या ओलीपर्यंत पोहोचली होती. “संपत, अब यहाँ पानी मत लाना,” त्या म्हणाल्या. “यल्ला, चलो, अगला रौदा!”

संपतने माझ्या बॉनेटवर थाप मारली. त्याचे डोळे भरले होते, आणि तो हसतही होता. मला आजवर कुणी इतक्या प्रेमाने ‘येऊ नकोस’ म्हटले नव्हते.

मित्रांनो, अशा माळावर कधी आलात तर गाडी आखलेल्या वाटेवरूनच न्या. काचेआडून जमीन रिकामी दिसते. एकदा खाली उतरा, गुडघे टेकून बघा. बोटभर का होईना, काहीतरी हिरवे तिथे नेटाने वर येत असते.