केराबाईच्या छातीवरची रेघ

मंद्रूपच्या गुंडा धनगराची नजर पंचक्रोशीत नावाजलेली. दुसऱ्याच्या कळपात मिसळलेलं आपलं मेंढरू तो लांबूनच ओळखायचा. मेंढरं भादरली की पाठीवरचा रंगाचा पट्टा लोकरीबरोबर जातो. तो पुन्हा ओढायचं काम त्यानं जन्मात कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. या हाताचा त्याला भलता गर्व होता, आणि या हातानंच घात केला.

त्याच्या बायकोच्या, केराबाईच्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर होता. हृदय आपलं आपण चालेना, म्हणून बसवलेला. नेमका त्याच्याच खाली, डाव्या स्तनात, कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि सोलापुरात किरणांचे शेक सुरू झाले. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं की किरणं पेसमेकरवर पडली तर ते यंत्र बिघडू शकतं, आणि यंत्र थांबलं तर हिचं हृदयही थांबेल. म्हणून यंत्र टाळून जागा आखली होती आणि छातीवर जांभळ्या रेघा मारल्या होत्या. रेघा जपायला बजावलं होतं. पुसल्या तर काय करायचं हेही सांगितलंच असेल, पण गुंडाच्या कानात ते शिरलं नाही.

मुक्काम शुक्रवार पेठेत लेकीकडं, ऋतुजाकडं होता. रविवार, खंडोबाचा वार. केराबाईनं देवापुढचा भंडारा कपाळाला लावला आणि दुखऱ्या जागेवरही चोळला. देवाच्या हळदीनं उतार पडेल, एवढीच भाबडी आशा. भंडारा धुताना रेघाही धुऊन गेल्या. ती रडवेली झाली. गुंडा म्हणाला, त्यात काय एवढं. त्यानं तिला पाटावर बसवलं, नातीच्या दप्तरातलं जांभळं स्केचपेन घेतलं आणि यंत्राच्या उंचवट्यापासून बोटं मोजून, आठवणीनं, रेघा जशाच्या तशा ओढल्या. निदान त्याला तरी त्या तशाच वाटल्या.

सोमवारी दवाखान्यात केराबाईला शेकाच्या खोलीत नेलं तेव्हा दार उघडंच होतं, बाहेरून गुंडाला सगळं दिसत होतं. मशीन चालवणाऱ्या अभिमन्यूनं तिला टेबलावर उताणं निजवलं आणि तिचा डावा हात डोक्यामागं नेला. मग दार लागलं.

बाहेर बाकावर बसलेल्या गुंडाच्या डोळ्यांपुढून तो वर नेलेला हात हलेना. उभ्या मेंढराला ओढलेला पट्टा ते आडवं पाडून पाय ताणला की जागेवर राहत नाही, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. केराबाईला त्यानं बसवून रेघ मारली होती, हात खाली सोडलेला असताना. आता कातडं ताणलं होतं. रेघ वर चढली असणार, यंत्राकडं.

आतली शिकलेली माणसं, त्यांना कळेलच की, असं त्याच्या मनात आलं. सांगितलं तर चारचौघांत अडाणी ठरायचं, हेही आलं. असल्या वेळी आपल्याला आपल्या अब्रूची पडली आहे, याची त्याला किळस आली. आत केरा एकटी होती. तो उठला आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागला.

"थांबवा," तो म्हणाला. "ती रेघ मी मारलीया. चुकलीया ती."

मशीन अजून सुरू झालं नव्हतं. अभिमन्यूनं मूळ आखणीशी ताडून पाहिलं. गुंडाची रेघ पार पेसमेकरच्या कडेला टेकली होती.

डॉक्टरीणबाई आल्या. त्या रागावल्या असत्या तर गुंडाला सोपं गेलं असतं. रेघ पुसल्याचं सांगायला काय झालं होतं, एवढंच त्यांनी शांतपणे विचारलं. त्या दिवशी शेक दिला नाही. पुन्हा नव्यानं आखणी करायचं ठरलं.

केराबाई पदर सावरत बाहेर आली, त्याच्याशेजारी बसली. गुंडा आपल्या तळहातांकडं बघत होता.

"केरा, माज्या हातानं मेली असतीस गं तू."

तिनं पदराच्या गाठीतली भंडाऱ्याची पुडी सोडली, त्याच्यापुढं धरली आणि कपाळ पुढं केलं.

"हितं लावा," ती म्हणाली. "हितली जागा तुमास्नी ठावं हाय की."

त्यानं चिमूट उचलली. हात मात्र अर्ध्यावरच थांबला. तेव्हा तिनंच त्याचं मनगट धरलं आणि कपाळापर्यंत नेलं.