इंदूची दुपारची गोळी

"आजचा दिवस कामगारांच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल," असं युनियनच्या हिंदुरावांनी कामगार कॉलनीच्या मंडपात जाहीर केलं, आणि मग लिहायला कोणाकडे काही आहे का, म्हणून विचारलं. साठ माणसांत एकच पेन निघालं. ते हिंदुरावांचंच होतं आणि गळत होतं. शेवटी कस्तुराच्या मांडीला टेकून बसलेल्या इंदूच्या कंपासपेटीतली पेन्सिल हातोहात पुढे गेली.

कस्तुराला ते काही बरं वाटलं नाही. ठराव तिच्या पोरीच्या औषधाविरुद्ध होणार होता. निदान पेन्सिल तरी दुसऱ्या कुणाची घ्यायची.

इंदूचं पाळण्यातलं नाव इंद्रायणी. नदीचं नाव पोरीनं फारच मनावर घेतलं. नऊ वर्षं ती एका जागी म्हणून थांबली नव्हती. वर्गात बाकावरून खिडकीशी, खिडकीवरून माठाशी. जूनपासून दिवाळीपर्यंत तिनं तेवीस पेन्सिली, दोन छत्र्या आणि एक डावी चप्पल हरवली. वस्तू हरवली हे तिला घरी कुणी विचारल्यावरच कळायचं. कुठलीही वस्तू तिनं कधी कुणाकडे परत मागितली नव्हती. बाईंनी मारून पाहिलं, उभं करून पाहिलं. उभं करण्याचा तर काही उपयोगच नव्हता, ती उभीच असायची.

मग एके दिवशी इंदूनं वेणीची रिबीन सोडली, आपला पाय बाकाच्या पायाला घट्ट बांधला आणि थोड्या वेळानं ते विसरून उठली. पुढचा दात तुटला. घरी येऊन तिनं एवढंच विचारलं, "आई, मी मुद्दाम करते का गं?"

त्या आठवड्यात कस्तुरा तिला घेऊन पुण्याला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, "औषध जागं ठेवणाऱ्या जातीचं आहे, पण अशा मुलांना त्यानं स्थिर बसता येतं. भूक मंदावेल. दर महिन्याला वजन दाखवायला आणा." सकाळी एक गोळी घरी, दुपारी एक शाळेत.

तीन आठवडे बरे गेले. मग कुणीतरी कंपनीच्या कँटीनमध्ये पेपर मोठ्यानं वाचला. पोरांना असल्या गोळ्या द्याव्यात की नाही, यावरून अमेरिकेत रण माजलं होतं. चाकणहून मुंबईला ट्रक नेणाऱ्या ज्योतीरामनं गोळीचं वर्णन ऐकून मान डोलावली. "हीच ती. घाटात डोळा लागू नये म्हणून आमी घेतो." त्यानंतर डॉक्टरांचं मत कुणाला लागलं नाही. हेडमास्तर घाबरले. कॉलनी हो म्हणेपर्यंत शाळेत गोळी चालणार नाही, आणि गोळीशिवाय मुलीला पाठवू नका, असं त्यांनी एकाच श्वासात सांगितलं. इंदू घरी बसली, दुपारचीही गोळी घरीच घेऊ लागली. चौथीची परीक्षा महिन्यावर आली होती.

म्हणून हा मंडप. कॉलनीला भांडण मिटवायची एकच रीत ठाऊक होती. बोनस असो की नळाचं पाणी, आधी भाषण, मग ठराव, मग हात वर.

"आज पोरांना गोळी," हिंदुराव म्हणाले, "उद्या तुम्हाला. मशीनचा वेग वाढवता येत नाही, तर माणसाचा वाढवा."

हे काही अगदीच खोटं वाटत नव्हतं. टाळ्या पडल्या. ज्योतीराम मात्र बसल्या जागेवरून हळूच म्हणाला, "वैनी, तीन वर्सं घेतली म्या. आता न्हाई घेतली तर हात थरथरत्यात. पोरीचं तसं नको व्हायला."

कस्तुरा उठली. पदर सारखा करायला तिला उगीचच वेळ लागला.

"मला तरी कुठं सगळं कळतंय, ज्योतीरामभाऊ. डबा अर्धा परत येतो, तो मीच धुते. अंगणात पहिल्यासारखी पळत नाही, ते मला गोड वाटतं का? तुमचे हात पाहून मलाही भीती वाटते. पण पोर स्वतःला बाकाला बांधून घेत होती. तेव्हा कुणी मंडप घातला नाही."



"मुद्द्याची नोंद घेतली," हिंदुराव म्हणाले आणि काहीच लिहिलं नाही. "शाळेत गोळी बंद. ठरावाच्या बाजूचे हात वर करा."

हात वर झाले. त्यात किसनचाही होता. कस्तुराचा नवरा बारा वर्षं युनियनमध्ये होता, आणि 'हात वर' ऐकलं की त्याचा हात त्याला न विचारता वर जाई. कस्तुरानं नुसतं पाहिलं. किसननं वर पाहिलं, तिथे आपलाच हात दिसला, आणि त्यानं तो खाली घेऊन मांडीखाली दाबून धरला. ज्योतीरामचा हात अर्ध्यावरच थरथरत राहिला. तो मोजावा की नाही, या विचारात हिंदुराव पडले.

एवढ्यात इंदू उठली. कस्तुरानं तिला धरायला हात पुढे केला. आता ही पळणार, आणि सगळे म्हणणार, बघा, तुमचं औषध.

इंदू पळाली नाही. बसलेल्या माणसांमधून वाट काढत ती सरळ टेबलापाशी गेली आणि थांबली. हात मोजायचं सोडून हिंदुराव सहीसाठी वाकले होते. सगळा मंडप तिच्याकडे बघू लागला.

"काका," ती म्हणाली, "सही झाली की माझी पेन्सिल परत द्या."