विहीणबाईंचा कप

"स्टूल नीट धरा हो," मधुमती वरून म्हणाली. "मी पडले तर विहीणबाईंच्या आधी ॲम्ब्युलन्स यायची."

प्रमोदरावांनी एकाच हाताने स्टूल धरलं होतं, कारण दुसऱ्या हातात चहाचा मग होता आणि तो खाली ठेवण्याइतका प्रसंग त्यांना गंभीर वाटत नव्हता.

"मुलाची आई तू. मान तुझा असतो," ते म्हणाले. "इथे तूच त्यांच्यासाठी कपाटावर चढतेयस."

मधुमतीने सगळ्यात वरच्या फळीवरून टॉवेलमध्ये गुंडाळलेली कपबशी काढली. पांढरी, पातळ, सोनेरी काठाची. चोवीस वर्षांपूर्वी ग्लासगोच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या पगारातून तिने ती चॅरिटी शॉपमधून घेतली होती. एकच होती, बाकीच्या पाच आधीच्या मालकिणीने फोडल्या असाव्यात. घरात सगळे जाडजूड मगांतून चहा पीत. कपबशी निघायची ती मानाच्या माणसासाठी. लंडनहून भंतेजी आले तेव्हा निघाली, मुलाच्या, म्हणजे समरच्या, हेडटीचर एकदा घरी आल्या तेव्हा निघाली. मधुमतीने स्वतः तिच्यातून कधी घोटभरही चहा घेतला नव्हता.

आज येत होत्या अर्लीन, समरची होणारी बायको नाओमी हिच्या आई. थेट अलाबामाहून, पाच दिवसांसाठी. नाओमीने आधीच सांगून ठेवलं होतं की मम्मीला समर आवडतो, पण घर बघितल्याशिवाय ती होकार देणार नाही. समरच्या एका मित्राच्या घरी कुणा मावशीने नाओमीच्या रंगावरून काहीतरी पुटपुटलं होतं, आणि नाओमीने ते नको तेव्हा आईला फोनवर सांगितलं होतं. त्यामुळे हा पाहुणचार म्हणजे परीक्षाच होती, आणि मधुमती परीक्षेला नेहमी जास्तच अभ्यास करून बसायची.

अर्लीन एकाहत्तर वर्षांच्या, उंच, ताठ. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे कुठेही बसल्या तरी आधी सगळ्यांवर एकदा नजर फिरवायच्या. मधुमतीने ट्रे पुढे केला. चार मग आणि एक कपबशी. समर, नाओमी, प्रमोदराव यांनी आपापले मग उचलले. अर्लीन क्षणभर ट्रेकडे बघत राहिल्या, मग त्यांनी कपबशी उचलली.

"थँक यू," त्या म्हणाल्या.

चहा झाल्यावर मधुमतीने मग डिशवॉशरमध्ये टाकले आणि कपबशी मात्र वेगळी, हाताने धुतली. मशीनमध्ये सोनेरी काठ उडतो. पुसून तिने ती खिडकीपाशी घडी केलेल्या टॉवेलवर ठेवली. वळून बघते तो अर्लीन बिस्किटांची प्लेट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी प्लेट ओट्यावर ठेवली आणि निघून गेल्या.

पुढचे दोन दिवस सगळं रीतसर चाललं, आणि तेच वाईट होतं. अर्लीनने पोहे छान म्हटले, भरली वांगी छान म्हटली, दिवाणखान्यातल्या बाबासाहेबांच्या फोटोबद्दल विचारलं आणि प्रमोदरावांचं अर्धा तासाचं उत्तर ऐकूनही घेतलं. पण हसल्या नाहीत. प्रत्येक चहाला मधुमती न चुकता तीच कपबशी पुढे करत होती, आणि प्रत्येक चहागणिक पाहुणी आणखी ताठ होत होती.

तिसऱ्या दिवशी समरने तिला पॅसेजमध्ये गाठलं.

"आई, समथिंग इज राँग. नाओमी रडत होती. तिची मम्मी म्हणते, वेडिंगची डेट आत्ता फिक्स करू नका."

"का? मी काय कमी केलं?"

"आय डोन्ट नो. ती काही सांगतच नाही."

चौथ्या दिवशी सकाळी मधुमती स्वयंपाकघरात आली तेव्हा अर्लीन सिंकपाशी होत्या. त्यांनी स्वतःच चहा करून घेतला होता, त्याच कपातून. आता त्या कप धूत होत्या. आतून, बाहेरून, कानाखालून. मग त्यांनी तो पुसला, आणि बाकीच्या मगांजवळ न ठेवता खिडकीपाशी टॉवेलवर नेऊन पालथा घातला. कुठल्याही मगाला हात लागू न देता.

मधुमती जागीच थांबली. हे तिने पाहिलेलं होतं. गावच्या एसटी स्टँडवरचं हॉटेल, बाहेरच्या भिंतीतला कोनाडा, त्यातला काचेचा ग्लास. आत बसलेल्यांना कपबशी. मधुमतीच्या वस्तीतल्या माणसांना तो ग्लास. तिचे आबा तो काढायचे, वरून ओतलेला चहा प्यायचे, आपल्या हाताने धुवायचे आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचे. ती तेव्हा आठ वर्षांची, त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून उभी. आबांची ती सावधगिरी तिला अजून अंगावर आठवायची.

"अर्लीन," ती हळूच म्हणाली, "कप असा ठेवायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

अर्लीनने मागे वळून पाहिलं नाही.

"माझ्या आईनं. ज्या गोऱ्या बाईंकडे ती काम करायची, तिथे तिचा कप वेगळा असायचा. सिंकखाली. सुट्टीत मीही जायचे, मग तो आम्हा दोघींचा." त्यांनी टॉवेलचं टोक सरळ केलं. "बाई दुष्ट नव्हत्या. नाताळाला आईला कोट द्यायच्या. त्यात काही वावगं आहे हे त्यांना कधी दिसलंच नाही. दिसायची गरजच नव्हती त्यांना. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझी मुलगी वेगळ्या कपाच्या घरात जाणार नाही."

मधुमतीला सगळं एकदम सांगावंसं वाटलं, सोनेरी काठ, डिशवॉशर, पहिला पगार. पण तसं सांगितलं तर ती सबब झाली असती. त्या गोऱ्या बाईंनाही दिसलं नव्हतं. आणि तिला, आबांच्या मुलीला, चार दिवस दिसलं नव्हतं.

"आमच्या गावात भिंतीत एक ग्लास होता," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचा."

आता अर्लीन वळल्या. मधुमतीने जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. आबांच्या हातापर्यंत आल्यावर थांबली.

"मग ही कपबशी?" अर्लीनने विचारलं.

"आत बसणाऱ्यांना मिळायची. म्हणून मी घेतली. तुम्हाला मान म्हणून."

"मान?" अर्लीन खुर्चीत बसल्या. "चार दिवस मी रोज सकाळी बॅग भरायला काढतेय, आणि हा मान?"

आणि त्या हसायला लागल्या, खांदे हलेपर्यंत, डोळे पुसेपर्यंत. मधुमतीही हसली, रडली, दोन्ही. ही बाई काही न बोलता विमानात बसली असती, तर आपण तिला केवढा मान दिला या समाधानात मधुमतीने उरलेलं आयुष्य काढलं असतं. ती बोलली, याचे उपकार कसे फेडायचे ते तिला कळेना. शेवटी तिने चहा टाकला. आपला टवका उडालेला निळा मग तिने अर्लीनपुढे ठेवला, आणि पालथा कप सरळ करून आपला चहा त्यात ओतला. काठ ओठाला फार पातळ लागला.

"काही खास नाही हो," ती म्हणाली.

पिऊन झाल्यावर तिने कप डिशवॉशरमध्ये मगांच्या मधोमध ठेवला.

"अगं, सोनं उडेल त्याचं!" दारातून प्रमोदराव ओरडले.

"उडू दे."

जायच्या दिवशी सकाळचा चहा प्रमोदरावांनी केला. ट्रे मधोमध ठेवला, ज्याला जे हाताला लागलं ते त्याने घेतलं. कपबशी समरकडे गेली. त्याने बशी तिथेच सोडून नुसता कप उचलला. अर्लीनने ते पाहिलं. मग आपला निळा मग पुढे करून आणखी अर्धा चहा मागितला.

"मधुमती," चहा ओतला जात असताना त्या म्हणाल्या, "आमच्या चर्चमधल्या बायका ऐकायच्या नाहीत. लग्नाला मी किती जणींना आणू?"