झाडलेली जागा

"खोल पुरा मावशी, पण लांब नको. आणि कुणाचा पाय पडू देऊ नका त्याच्यावर," शेजारीण अंथरुणावरून म्हणाली होती. सुईणीनं तिला शब्द दिला. दोन दिवसांचं बाळ गेलेलं, कडाक्याची थंडी, जमीन दगडासारखी. गुडघाभरच खोदता आलं. निर्वासितांच्या छावणीत पुरायला बंदी. कळलं तर त्या घराचं शिधापत्रक रद्द. म्हणून खूण ठेवली नाही. रोज सकाळी देवाचं नाव घेत ती तेवढी जागा झाडायची, काटे वेचायची, पोरांना हुसकायची.

दोन वर्षं अशी गेली. मग एके दिवशी सकाळी आराखडेवाल्या बाई आल्या. तंबूंच्या मधल्या मोकळ्या जागेत सगळ्यांसाठी चौक करायचा. नळ, सावली, बसायला ओटा. काय कुठे हवं ते तुम्हीच ठरवा, म्हणाल्या. नळ हवा तिथे प्रत्येक घरानं एक दगड ठेवायचा.

बायका उठल्या आणि एकामागून एक त्याच जागेवर दगड ठेवत गेल्या.

सुईणीच्या तोंडचं पाणी पळालं. "इथेच का गं?"

"अहो, सगळ्या छावणीत हीच तेवढी स्वच्छ जागा!"

"ऊन फार लागतं तिथे. नळ पलीकडे न्या."

"मावशी, जागा काय तुमच्या नावावर आहे?"

"आपल्यातल्या कुणाच्या नावावर काय उरलंय, बाई?" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

शेजारीण हसली नाही. दगड न ठेवावा तर लोक विचारणार. तिनं आपला दगड ढिगाच्या कडेला हळूच टेकवला.

"ठरलं तर," बाई म्हणाल्या. "कमरेएवढा चर लागेल. दुपारी शिधा वाटून झाला की खोदणारे येतील."

खरं सांगून टाकावं म्हणून सुईणीनं तोंड उघडलं. शेजारणीच्या कडेवर धाकटं पोर होतं. शिधापत्रक गेलं तर ते काय खाणार? सुईणीनं तोंड मिटलं. आपल्याच झाडूनं घात केला होता.

दुपारी सगळी छावणी शिध्याच्या रांगेत लागली. सुईण बरीच पुढे होती. ती मागच्या म्हातारीला म्हणाली, "माझा नंबर तुम्ही घ्या."

"अगं, आज चुकलं तर आठवडाभर खाशील काय?"

"बघेल देव."

शेजारणीच्या तंबूमागं, दोरांच्या खुंट्यांमध्ये हातभर जागा होती, एका बाळापुरती. अडखळायच्या भीतीनं तिथून कुणी जात नसे. सुईणीनं धुतलेल्या चादरीत पहार गुंडाळली आणि मोकळ्या जागेतल्या दगडांच्या ढिगाकडे चालू लागली.