कॉलेजचा ऊस आधी

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. बिडाची, पसरट आणि इतकी जड की मला हलवायचं म्हटलं की भलेभले पुरुष आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. माझ्या काठावर बोट मावेल एवढा एक खड्डा आहे. मला ओतलं तेव्हा साच्यात हवेचा बुडबुडा राहिला होता. त्या खड्ड्यामुळे मी स्वस्तात मिळाले, आणि स्वस्तात मिळाले म्हणूनच अलाबामातल्या या लाल मातीच्या वस्तीत आले. नाहीतर एखाद्या मोठ्या मळेवाल्याकडे गेले असते, आणि तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.

मोबील बंदराजवळच्या ओतशाळेतून मला खेचरांच्या गाडीतून आणलं. चर्चच्या मागे विटांचं चुलाण बांधून मला त्यावर बसवलं. शेजारी चरक होता. त्याच्या लांब दांड्याला खेचर जुंपायचं आणि ते दिवसभर गोल गोल फिरायचं. उसाचा हिरवट रस गोणपाटातून गाळून माझ्यात पडायचा. खाली पाइनच्या लाकडांचा जाळ पेटायचा. रस उकळला की मळी वर यायची. ती लांब दांड्याच्या झाऱ्याने काढत राहायची, आणि रस आटून तांबूस झाला की झाली काकवी. घरी भाजलेल्या मऊ, गरम बिस्किटावर किंवा मक्याच्या भाकरीवर काकवी ओतली की त्या वस्तीत कुणी जेवणाबद्दल तक्रार करत नसे.

वस्तीतली सगळी माणसं काळी होती. त्यांचे आजे-पणजे गुलाम म्हणून दुसऱ्यांच्या मळ्यांत राबले होते. गोऱ्यांच्या कॉलेजांची फाटकं त्यांच्या मुलांना बंद होती. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी कॉलेजं उभी राहिली होती. त्यातलं एक आमच्यापासून दिवसभराच्या वाटेवर होतं. तिथे जायला हुशारी लागे, पण नुसत्या हुशारीवर चूल पेटत नाही. ज्यांच्याकडे पैसे नसत त्यांच्याकडून कॉलेज फीपोटी रताळी घेई, लाकडं घेई, कोंबड्याही घेई. आमची वस्ती काकवी देई.

त्यासाठी चर्चच्या मागे जमिनीचा एक तुकडा राखलेला होता. त्याला सगळे 'कॉलेजचं वावर' म्हणत. त्यात सगळ्यांनी मिळून ऊस लावायचा, सगळ्यांनी निंदायचा, आणि त्याच्या काकवीवर वस्तीतलं एक मूल कॉलेजात राहायचं. एक रीत मात्र ठरलेली होती. हंगामात आधी घराघराचा ऊस चरकात जायचा. कॉलेजचा ऊस सगळ्यांच्या शेवटी.

या रीतीत काही चूक आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही.

एका वर्षी कॉलेजात जायची पाळी आली झेनोबिया क्रेनशॉची. सगळे तिला नोबी म्हणत. तिची आई लूला लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. नोबीला शिक्षिका व्हायचं होतं. कॉलेजचा निरोप स्वच्छ होता: नाताळाआधी काकवीची पिंपं स्वयंपाकघरात पोचली, तर नव्या वर्षापासून नोबीची खाट आणि ताट पक्कं. नाही पोचली, तर ती जागा रांगेतल्या पुढच्या मुलीला.

हंगाम सरत आला होता. फक्त दोन वावरं उभी होती. एक कॉलेजचं, आणि एक हेस्टर लॉकेटचं.

ही हेस्टर एकटी राहणारी विधवा होती. उंच, हाडकुळी आणि जिभेची तिखट. लहान माणसं तिला आदराने मिस म्हणत, बरोबरीची चर्चमधल्यासारखं सिस्टर. त्या दिवशी पाळी तिची होती. मदतीला आलेली माणसं कोयते घेऊन माझ्याजवळ शेकत उभी होती, इतक्यात वारा फिरला. काकवीचं काम बघणाऱ्या एफ्राईम टॉलिव्हरने नाक वर करून उत्तरेकडे पाहिलं.

"कडाका येतोय," तो म्हणाला. "आज तोडला तेवढाच ऊस आपला. उभा राहिला तो गोठणार, आणि ऊन पडलं की आंबणार."

"मग बघत काय उभे राहिलात?" हेस्टर म्हणाली. "हात चालवा."

"सिस्टर हेस्टर, हात थोडे आहेत," एफ्राईम म्हणाला. "एकच वावर होईल."

लूला चुलाणात लाकडं सारत होती. तिने मान वर केली नाही. नोबी झारा घासत होती. तो केव्हाच लख्ख झाला होता, तरी ती घासतच राहिली.

"सगळे माझ्याकडे काय बघताय?" हेस्टर म्हणाली. "पाळी माझी आहे."

"तुमचीच आहे," एफ्राईम म्हणाला. "कुणी नाही म्हणत नाही."

"म्हणून तर राग येतोय. कुणीतरी नाही म्हणा, म्हणजे भांडता तरी येईल!"

हेस्टरने शाल डोक्यावरून ओढून घेतली.

"मी हिवाळाभर कोरडी भाकरी खाल्ली तर मरणार नाही. पण ते कॉलेज या पोरीला रिकाम्या हाताने घेणार नाही. चला, चर्चच्या मागे चला." मग ती नोबीकडे वळली. "आणि तू ऐक. हे दान नाही. ही उधारी आहे. माझी काकवी मी परत घेणार."

"हो, मिस हेस्टर," नोबी म्हणाली. तिचा आवाज जेमतेम माझ्या काठापर्यंत पोचला.

माणसांनी कॉलेजचं वावर संध्याकाळपर्यंत तोडलं आणि मोळ्या पाल्याखाली झाकल्या. कडाका आला. नंतर ऊन पडलं आणि हेस्टरच्या वावरातून आंबूस वास येऊ लागला. तिने एकदाही नाकाला शाल लावली नाही. उलट माझ्यापाशी येऊन एफ्राईमला ओरडत होती, "जाळ कमी कर, करपवशील! ती काकवी माझी आहे." पिंपं नाताळाआधी गेली. त्यांच्या मागोमाग नोबी गेली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की हेस्टरने नंतर कधी विषय काढला नसेल. छे! नोबी पहिल्या सुट्टीत घरी आली आणि चर्चच्या पायरीवरच हेस्टरने तिला गाठलं.

"माझी काकवी कुठाय?"

नोबी रडायच्या बेतात आली. पुढच्या सुट्टीत पुन्हा तेच. हळूहळू नोबीही तयार झाली.

"मिस हेस्टर, ती तर कॉलेजची पोरं खाऊन बसली."

"सगळी?"

"चाटूनपुसून."

"मग निदान शिकलात का काही, की नुसतं खाल्लंत?"

"बीजगणित शिकले."

"ते भाकरीवर घालून खाता येतं का?"

आसपासची माणसं पोट धरून हसत. पण मी बघत होते. प्रत्येक वेळी नोबी परत जाताना ती रस्त्याच्या वळणाआड होईपर्यंत हेस्टर उभी असायची.

नोबी शिक्षिका झाली. पहिल्या पगारातून तिने दुकानातून काकवीचा डबा आणला आणि हेस्टरच्या हातात ठेवला. हेस्टरने बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"पाण्याला कुणीतरी रंग लावलाय."

"मग तुमच्या मनासारखी कुठून आणू?"

"मला नकोच आहे. या वर्षीपासून चर्चच्या मागचा ऊस आधी चरकात घालायचा. माझा त्याच्यानंतर, आणि बाकीच्यांचा माझ्यानंतर. तेव्हा तुझं माझं फिटलं."

"पण सिस्टर," एफ्राईम म्हणाला, "कॉलेजचा शेवटी घालायची आपली रीत..."

"मला नको सांगूस रीत. त्या साली थंडीला सांगायची होतीस."

तेव्हापासून कॉलेजचा ऊस आधी, असं ठरलं. हंगामातला पहिला जाळ त्याचा. माझी सगळ्यात चांगली वर्षं तीच. माझ्या काकवीवर परिचारिका शिकल्या, शिक्षक शिकले, एक औषधांचा जाणकार शिकला. एकजण अर्ध्यातून परतला. त्याला कुणी टोकलं नाही. तो चरकावर उभा राहिला, आणि खेचर त्याच्याइतकं चांगलं पुन्हा कुणी हाकलं नाही. लोक माझ्या काठावर थाप मारून म्हणत, "ही आमची कॉलेजवाली." मला ते आवडायचं. बीड असले तरी कौतुक कुणाला नको असतं?

पुढे दिवस पालटले. हेस्टर गेली, एफ्राईम गेला. तरुण माणसं उत्तरेकडच्या शहरांत कारखान्यांत गेली. कॉलेजने धान्य-काकवी घेणं बंद केलं. तिथे आता पैसेच लागत. दुकानात बाटलीतली काकवी मिळू लागली. चुलाण ढासळलं आणि मला पेकनच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळाच्या, झाडाखाली पालथी टाकलं. तेही बरंच झालं. उताणी असते तर पावसाचं पाणी साठून गोठलं असतं आणि मी तडकले असते. मुलं माझ्या पाठीवर बसून पेकन फोडत. मी कशासाठी होते हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांना सांगायला कुणाला वेळ नव्हता.

मग कित्येक वर्षांनी एकदम माझी आठवण झाली. कॉलेजचा मोठा वाढदिवस होता. जुन्या विद्यार्थ्यांच्या समितीने ठरवलं की मला कॉलेजच्या फाटकाशी ठेवायचं, माझ्यात फुलझाडं लावायची आणि पुढे पितळी पाटी बसवायची. नोबीचा भाचा डेल्विन समितीत होता. तो माणसं घेऊन आला, त्यांनी मला उताणी केली, आणि त्याने पिशवीतून भोकं पाडायचं यंत्र काढलं.

मित्रांनो, तोपर्यंत मी खूप सोसलं होतं. जाळ सोसला, गंज सोसला, पोरांचे दगड सोसले. पण बुडाला भोक पडलेली काहील पुन्हा कधीच काहील होत नाही.

नव्वदी गाठलेली नोबी खुर्चीत बसून बघत होती. तिला चर्चमधून घरी सोडायला आलेली शेजारची मकायला तिच्याजवळ उभी होती. मकायला त्याच कॉलेजात शिकत होती. त्या आठवड्यात ती पेटी घेऊन घरी आली होती.

"एवढी मोठी पेटी कशाला आणलीस गं सुट्टीला?" नोबीने विचारलं.

"फी राहिलीय, मिस नोबी. ती भरल्याशिवाय जानेवारीत नाव लागणार नाही. काहीतरी काम बघते. पुढच्या वर्षी जाईन."

"पुढचं वर्ष! मी जन्मभर पोरं शिकवली. पुढच्या वर्षी येतो म्हणून गेलेली पोरं मी अजून शोधतेय."

तेवढ्यात यंत्र घरघरलं. नोबीने काठी आपटली.

"डेल्विन, ते बंद कर!"

"मावशी, चारच भोकं. पाणी निघून जायला हवं, नाहीतर मुळं कुजतात."

"तुझ्या परसात ऊस आहे ना?"

"आहे थोडा. घरापुरता. पोरांना चघळायला."

नोबी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. हेस्टर लॉकेटची गोष्ट डेल्विन लहानपणापासून इतक्या वेळा ऐकत आला होता की पुढचं वाक्य त्याला पाठ होतं: कॉलेजचा ऊस आधी. त्याने यंत्र खाली ठेवलं.

"पोरं माझ्या नावाने शंख करतील," तो म्हणाला.

"करू देत. तू त्यांना बीजगणित शिकव."

मला वाळूने घासलं, डुकराची चरबी चोळून तापवलं, पुन्हा घासलं. चुलाणाच्या विटा नव्याने रचल्या. एका जुन्या विद्यार्थ्याने कुठूनसा चरक आणला आणि खेचराऐवजी ट्रॅक्टरला जोडला. रस पडला आणि मी ओळखलं. तोच हिरवट वास. मकायला झाऱ्याने मळी काढत होती, आणि नोबी खुर्चीतून ओरडत होती, "जाळ कमी करा, करपवाल!"

रविवारी प्रार्थना संपल्यावर काकवीच्या बाटल्या चर्चच्या दारात मांडल्या. काही माणसं पैसे ठेवून बाटली न घेताच निघाली. नोबीने त्यांना हाक मारून परत बोलावलं. "बाटली घेऊन जा. आम्ही हात पसरत नाही, काकवी विकतोय."

काकवीत सगळी फी भागली का? नाही. एका परसातल्या उसात एवढी ताकद नसते. पण पितळी पाटीसाठी जमवलेले पैसे समितीकडे तसेच पडून होते. डेल्विनने विचारलं, "आता पाटी लावायची कशावर? काहील तर कामाला लागली." ते पैसे मकायलाच्या फीत गेले, आणि जानेवारीत तिची पेटी कॉलेजात गेली.

ईस्टरच्या सुट्टीत ती घरी आली. नोबी माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसली होती.

"माझी काकवी कुठाय?" नोबीने विचारलं.

मकायला हसली नाही. तिने पिशवी माझ्या काठाला टेकवून ठेवली आणि जुन्या कॉलेजच्या वावराकडे पाहिलं.

"तो तुकडा अजून रिकामाच आहे ना?" ती म्हणाली. "डेल्विनकाकांकडून उसाचं बेणं घेऊन येते."

मित्रांनो, आता माझ्यावर पत्र्याचं छप्पर आहे. हंगाम संपला की मला पुसून पालथी घालतात. तुमच्याही गावात मिळून केलेलं एखादं जुनं काम कुठल्यातरी झाडाखाली पालथं पडलं असेल. त्याला हार घालायला जाल तेव्हा आधी विचारा की याच्याखाली अजून जाळ पेटवता येईल का. बहुधा येतो. आणि पेटवलात, तर पहिला ऊस कुणाचा घालायचा ते तुम्हाला आता ठाऊक आहे.