फाटकाबाहेरचा बाक

साहेब, तुम्ही मला बालवर्गातून बाहेर काढलंत. माझ्यावर कोण बसतं, कशासाठी बसतं, हे विचारलंसुद्धा नाहीत. नुसतं बोट दाखवलंत आणि म्हणालात, "हे धूड इथे कशाला?" ते धूड म्हणजे मी. आता माझं ऐका.

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. एका सुताराने यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या जोडून मला बनवलं. देखणा मी कधीच नव्हतो. माझ्या पाठीवर अजून 'सांभाळून उचला' अशी काळी अक्षरं आहेत. ती वाचून आजवर कोणी मला सांभाळून उचललं नाही, तो भाग वेगळा.

मी मोठ्या माणसांना बसायला होतो, पण काम करत होतो लहानांचं. बालवर्गाच्या बाईंची एक रीत होती. नवीन मुलाबरोबर घरचं एक माणूस यायचं आणि माझ्यावर बसायचं. सुरुवातीला मी वर्गातच असे, भिंतीला टेकून, खेळण्यांच्या शेजारी. मुलं जरा रुळली की बाई आणि मदतनीस मावशी मला दाराकडे सरकवत. मग उंबऱ्याबाहेर व्हरांड्यात. मग अंगणातल्या नळापाशी, आणि शेवटी फाटकाच्या आतल्या बाजूला. मग एक सकाळ अशी यायची की माझ्यावर कोणीच नसायचं, आणि आत पोरं मातीचे गोळे वळण्यात इतकी दंग असायची की कोणाच्या ते गावीही नसायचं. रिकामं पडणं हीच माझी शाबासकी.

बाईंचा नियम एकच, पण कडक. "पोराचा डोळा चुकवून कोणी जायचं नाही. सांगून जायचं. रडलं तरी सांगून."

माझ्यावर बसणारे एकेक नमुने असत. एक आजोबा मुलांच्या आधी स्वतःच खड्या आवाजात गाणी म्हणत. बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही पास झालात. आता नातवाला गाऊ द्या." एक आई पोरापेक्षा जास्त रडायची. मावशीने तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "अगं, शाळेत तुला घालायचंय की पोराला?" ती रडता रडता हसली.

मग मुंगी आली. इतकी बारीक की सगळे तिला मुंगीच म्हणत. बरोबर तिचे बाबा. ते बेकरीत रात्रपाळीला होते. भट्टीवरून सुटले की तसेच तिला घेऊन यायचे. केसांत पीठ असायचं. पोरं ओरडायची, "मुंगीचे बाबा म्हातारे झाले!" बसल्याबसल्या त्यांचा डोळा लागायचा.

मुंगीची आई दवाखान्यात गेली होती. जाताना घरच्यांनी मुंगीला खिडकीशी नेऊन पाखरं दाखवली, आणि मग सांगितलं, "आई आत्ता येते हं." आई आली नाही. ती तिथेच वारली. म्हणून नजरेआड झालेलं माणूस परत येतं, यावर मुंगीचा विश्वास उरला नव्हता.

एकदा एक मुलगा तिला म्हणाला, "तुझे बाबा घोरतात."

मुंगी म्हणाली, "घोरू देत. आहेत ना."

तिच्यासाठी मला दारापर्यंत न्यायला बाईंनी घाई केली नाही. मी व्हरांड्यात पोहोचलो तेव्हा ती खेळ सोडून खिडकीशी यायची, बाबांकडे बघायची आणि परत जायची. हळूहळू तिच्या फेऱ्या कमी झाल्या. नळावर ती स्वतः हात धुवायला लागली. फ्रॉकचं बटण स्वतः लावू लागली. आणि एके दिवशी, बाबांना न उठवता, मावशीला म्हणाली, "मला शू लागलीय." मावशी वर्गात धावतच गेली. "बाई, मुंगी आपणहून बोलली!" शाळेची तयारी म्हणतात ती हीच, मित्रांनो. अक्षरं त्यानंतर येतात.

त्याच आठवड्यात तुम्ही शाळेचे नवे प्रमुख म्हणून आलात, साहेब. मुंगीचे बाबा माझ्यावर झोपले होते. तुम्ही गरजलात, "ही शाळा आहे की धर्मशाळा?" ते दचकून उठले, हात जोडून उभे राहिले.

बाई म्हणाल्या, "साहेब, अजून थोडेच दिवस. मग पोरगीच त्यांना घरी पाठवेल."

"पोरं दोन दिवस रडतात, मग गप्प होतात," तुम्ही म्हणालात. "उद्यापासून पालक फाटकाबाहेर. आणि हे धूडही."

संध्याकाळी मला फाटकाबाहेर भिंतीलगत टाकण्यात आलं. दुसऱ्या सकाळी पहारेकरी मुंगीच्या बाबांच्या कानाशी लागला. "दादा, मी तिला भिरभिरं दाखवतो. तेवढ्यात तुम्ही सटका. सगळे असंच करतात." बाबा रात्रभर भट्टीपुढे उभे होते. आदल्या दिवशी चारचौघांत पाणउतारा झाला होता. ते सटकले. येऊन माझ्यावर बसले आणि रडणं ऐकू यायची वाट पाहू लागले. काही ऐकू आलं नाही.

आत काय झालं ते मावशीने नंतर बाहेर येऊन सांगितलं. मुंगी हातात भिरभिरं घेऊन व्हरांड्यात आली. मी होतो तिथे मोकळी फरशी होती. ती रडली नाही. बोलली नाही. उभ्याउभ्या फ्रॉक ओला झाला, तरी कोणाला सांगितलं नाही. आणि तुम्ही शेजारून जाताना म्हणालात, "बघा, एक तरी रडतंय का?"

गप्प झालेलं मूल रमलेलं असतं, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

तेव्हापासून मुंगी फाटकाच्या आत पाऊल टाकत नाही. घरी बाबा झोपले की त्यांची बाही धरून बसते. एकदा आत्या बरोबर आली होती. म्हणाली, "लाडावून ठेवलीस. टाक आत आणि चल."

"टाकली होती एकदा, आक्का," बाबा म्हणाले. "आता नाही. आता तिच्याशी खोटं वागायचं नाही, असं कबूल केलंय तिला."

रोज सकाळी ती दोघं येतात आणि माझ्यावर बसतात. आतून गाणं ऐकू येतं. मुंगीचे ओठ हलतात, आवाज येत नाही. बाई फाटकाशी येऊन वाकल्या तेव्हा ती म्हणाली, "बाक आत घ्या. मग मी येते." बाईंनी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "बघू."

मित्रांनो, तुमच्या घरी धाकटं भावंड असेल तर त्याला हुलकावणी देऊन जाऊ नका. त्याच्यासमोर बसा, कुठे चाललो, कधी येणार, ते सांगा आणि मग उठा. रडेल. रडू दे. रडणारं मूल निदान तुमच्यावर विसंबून असतं.

आणि साहेब, पावसापाण्यात माझ्या फळ्या कुजल्या तरी माझं काही म्हणणं नाही. पण मुंगी रोज विचारते, "साहेब काय म्हणाले?" बाबा म्हणतात, "अजून काही नाही." तो माणूस तिच्याशी खोटं बोलणार नाही, आणि खरं सांगावं असं तुम्ही त्याच्या हाती काही दिलेलं नाही. उद्या सकाळी ती पुन्हा विचारेल. काय सांगायचं तिला? हो की नाही? बोला.